शाळा-कॉलेजात ब्लॉग लिहायला लावला होता का कुणाला? अनुभव सांगा

माळ्यावरची_पेटी
काल जुना पासवर्ड सापडला आणि त्याच्यासोबत २०१२ सालचा माझा ब्लॉग! तेव्हा साताऱ्यात अकरावीला होते. मराठीच्या मॅडमनी निबंधाची वहीच बंद केली. दर शनिवारी ब्लॉगरवर दीडशे शब्द टाकायचे, वर दोघांच्या लेखाखाली प्रतिक्रिया द्यायची. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी सगळ्यांना "छान लिहिलंस" दिलं. सोमवारी मॅडमनी फळ्यावर "छान" लिहून त्यावर काट मारली. आजपासून हा शब्द बंद. झाली पंचाईत, आता वाचणं आलं!
त्याच वर्षी कासचं फुलांचं पठार जागतिक वारशाच्या यादीत गेलेलं, त्यामुळं निम्मा वर्ग कासवर. माझ्या लेखात फुलांचे गालिचे, मुक्तहस्ते उधळण, सगळं. खाली मागच्या बाकावरच्या पोरानं विचारलं, "तू कासला गेलीयस का कधी?"
नव्हते गेले. घरापासून पंचवीसेक किलोमीटर.
तुमचंही येऊ द्या.

भडंग_जास्त_तिखट
😂😂 मेलो.
आम्ही सांगलीवाले. घरी कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलं, ब्लॉगवर चिकटवलं तर इंग्रजी अक्षरांचं कालवण. सर म्हणाले युनिकोड पाहिजे, म्हणजे कुठंही उघडलं तरी मराठीच दिसतं. कॅफेवाला म्हणतोय, "असला फॉन्ट नाही आपल्याकडं, दुसरा देऊ का?" पुन्हा पहिल्यापासून टाइप. कॅफेचं बिल आईनं अजून ऐकवतंय.

तात्या_मिरजकर
ऐकवतंय?? आई ऐकवते रे लगा

भडंग_जास्त_तिखट
तात्या फोनवरनं लिहितोय, शुद्धलेखन घरी तपासा 🙏

खडू_आणि_कीबोर्ड
मी टेबलाच्या पलीकडची. नववीला लिहायला लावलं होतं, अठ्ठेचाळीस पोरं. रविवारी भाजी निवडता निवडता वाचायचे. एका मुलीनं वडिलांच्या दारूवर लिहिलं. इतकं सरळ की मी वर्गात वाचूनही दाखवलं. मूर्खपणा माझा. लेख सगळ्यांना उघडा होता हे डोक्यातच आलं नाही. रात्रीपर्यंत चुलत्यानं वाचला, मग भावकीनं. मंगळवारी पोर गैरहजर. घरी गेले तर आईनं चहा दिला, बसायला दिलं, त्या विषयावर एक अक्षर नाही. चहा संपवून उठले.
नंतर ब्लॉग फक्त वर्गापुरता ठेवला, टोपणनावं घ्यायला लावली. तर पोरं म्हणतात, "मग बाई, वाचणार कोण?" त्यांचंही खरंच होतं. पुढच्या वर्षी परत भित्तिपत्रकावर आले.

सोनगाव_एसटी
बाई, ती मुलगी परत आली का शाळेत?

खडू_आणि_कीबोर्ड
आली, आठवड्यानं. लेख काढू का विचारलं तर म्हणाली, राहू दे.

पुलाखालचं_पाणी
धाकटा भाऊ, २०१९, सांगली. शाळेनं ब्लॉगवर "माझा परिसर" दिलेला. शाळा बुडाली पण ह्याचं चालूच. महापुरात रोज आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फूट. धोक्याची पातळी ४५, हा ५७ पर्यंत लिहीत गेला. शेवटची नोंद: "पाणी आमच्या बोळात. आजीची चटणीची बरणी वर नेली, आजी अजून खालीच आहे." मग मोबाइलच बंद पडला. पुण्याची मावशी रात्रभर तेवढं एक वाक्य वाचत बसलेली.
आजी सुखरूप. बरणी फुटली, वर नेतानाच.
खाली वर्गातल्या पोराची प्रतिक्रिया: "विश्रामबागेत लाइट आहे, चार्जिंगला ये." कसा येणार, पोहत?

तात्या_मिरजकर
चटणी कांदालसूण का साधी

पुलाखालचं_पाणी
कांदालसूण हो तात्या 😭 वर्षाची होती

सोनगाव_एसटी
मी आख्खा किल्ले अजिंक्यतारा विकिपीडियावरनं उचललेला. संदर्भांचे चौकोनी कंसातले आकडेसुद्धा तसेच. सरांनी विचारलं, "हा बारा कसला?" म्हटलं, पायऱ्या असतील. कुकर झाला, येतो.

भडंग_जास्त_तिखट
धागाकर्त्या ताई, मग गेलात का कासला शेवटी?

माळ्यावरची_पेटी
गेले की, लग्नानंतर. धुकं एवढं की समोरची गाडी दिसेना. कणीस खाल्लं आणि परत.