मदत हवी आहे : इंजिन फक्त चढावर तापते, हेड उतरवण्याआधी आणखी काय तपासावे?

नमस्कार.

माझ्याकडे वीस वर्षांहून जुनी, चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आहे. इंजिनाचा ब्लॉक (सिलिंडर असलेला खालचा भाग) ओतीव लोखंडाचा आणि हेड (ब्लॉकवर बसणारे झाकण) ॲल्युमिनियमचे आहे. गाडीची देखभाल आणि बरीचशी दुरुस्ती मी स्वतःच करतो. सध्या इंजिन ठरावीक परिस्थितीतच तापते आणि कूलंट हळूहळू कमी होते, पण बाहेर कुठेही गळती दिसत नाही. माझा संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलवर, आहे. मात्र नुसत्या संशयावर हेड उतरवायचे नाही, म्हणून जाणकारांचे मत हवे आहे.

गाडी आयडलिंगवर कितीही वेळ उभी ठेवली तरी टेम्परेचरचा काटा मध्यावरून हलत नाही आणि रेडिएटरचा पंखा वेळच्या वेळी सुरू होऊन बंद होतो. सपाट रस्त्यावर मध्यम वेगातही काही तक्रार नाही. लांब चढावर इंजिनावर जोर पडला, की मात्र काटा लाल रेषेकडे सरकू लागतो आणि नेमका त्याच वेळी हीटर गरम हवेऐवजी गार हवा फेकू लागतो. मला ही दुसरी खूण अधिक महत्त्वाची वाटते, कारण इंजिन तापलेले असताना हीटर गार पडतो तेव्हा त्याच्या नळ्यांमध्ये कूलंटऐवजी हवा किंवा वायू अडकलेला असण्याची शक्यता बरीच असते.

भार आल्यावर इंजिन तापण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे आतून तुंबलेला रेडिएटर, म्हणून सुरुवात तिथूनच केली. इन्फ्रारेड थर्मामीटरने रेडिएटरची जाळी वरपासून खालपर्यंत तपासली. तापमान एकसारखे उतरत जाते, मध्येच गार पट्टा कुठेही सापडला नाही. थर्मोस्टॅट काढून पाण्यात थर्मामीटरसोबत तापवला, तर तो त्याच्यावर छापलेल्या 82 अंशांच्या जवळपास उघडू लागला आणि पुढे पूर्ण उघडला. वॉटर पंपाखालचे छिद्र कोरडे आहे, म्हणजे पंपाचे सील गळत नाही. खालचा होज रेस दिल्यावर आत ओढला जात नाही. रेडिएटरची कॅप नवीन आहे. कॅपकडे अनेक जण दुर्लक्ष करतात, पण 0.9 बारची चांगली कॅप साध्या पाण्याचाही उत्कलनबिंदू 118 अंशांच्या आसपास नेते आणि कमजोर कॅपमुळे निरोगी इंजिनसुद्धा उकळू शकते, म्हणून ती आधीच बदलली.

आता संशयाचे कारण सांगतो. रात्रभर थंड झालेले इंजिन सुरू करून वरचा होज मुठीत धरला, तर थोड्याच वेळात, म्हणजे तो कोमटही झालेला नसताना, टणक होतो. कूलंट तापून दाब वाढणे समजण्यासारखे आहे, पण होज गार असताना दाब येतो तो कुठून? त्यानंतर कूलंटच्या बाटलीत, नळीच्या तोंडाशी, बारीक बुडबुडे एकामागून एक येत राहतात आणि रेस वाढवली की त्यांची संख्याही वाढते. नुसता एअर लॉक (कूलंटमध्ये अडकलेली हवा) असता, तर हवा निघून गेल्यावर ते थांबायला हवे होते. चारही स्पार्क प्लग शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा तीन प्लगच्या चिनी मातीवर नेहमीचा फिकट तपकिरी थर होता. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग मात्र वाफेने धुतल्यासारखा पांढरा दिसला.

याउलट, ऑइल अगदी स्वच्छ आहे. डिपस्टिकवर किंवा ऑइलच्या झाकणाखाली, ऑइलमध्ये कूलंट मिसळल्यावर दिसते तशी, दुधाळ साय नाही. इंजिन तापल्यावर सायलेन्सरमधून पांढरा धूर येत नाही. चारही सिलिंडरच्या कॉम्प्रेशनमधला फरक दहा टक्क्यांच्या आत आहे. थंड इंजिनात पंपाने कॅपइतका दाब भरून ठेवला, तर तोही टिकून राहतो. बाटलीच्या तोंडाशी, ज्वलनवायू लागल्यास पिवळे होणारे निळे रसायन लावून पाहिले. ते पिवळे न होता हिरवट होऊन थांबले. ही चाचणी आयडलिंगवर केली होती.

माझ्या समजुतीप्रमाणे या दोन्ही बाजू एकमेकींना खोडून काढत नाहीत. स्टार्टरवर घेतलेल्या कॉम्प्रेशन चाचणीत सिलिंडरमधला दाब साधारण 12 बारपर्यंत जातो. चढावर प्रत्यक्ष ज्वलन होताना तो त्याच्या कित्येक पट असतो. शिवाय ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे थंडपणी जवळजवळ मिटलेली बारीक फट ज्वलनाच्या दाबाने थोडी आणि भार आल्यावर जास्त उघडत असेल आणि वायू कूलंटमध्ये शिरत असेल, तर वरील सर्व लक्षणांची संगती लागते.

माझे प्रश्न असे आहेत. पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरने हवा भरायची आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का ते पाहायचे, ही लीक-डाउन चाचणी करण्याचा विचार आहे; अशा बारीक फटीसाठी ती थंड इंजिनावर पुरेशी ठरते, की इंजिन गरम करूनच करावी? गरम करायचे झाल्यास कॅप उघडण्यापूर्वी दाब सुरक्षितपणे कसा कमी करता? रसायनाची चाचणी रेस वाढवून पुन्हा केली, तर निकाल अधिक भरवशाचा मानावा का? आणि दोष गॅस्केटचा नसून हेडलाच तडा गेला असेल, तर हेड जागेवर असताना ते ओळखण्याचा काही मार्ग आहे का?

हेड उतरवायचेच ठरले तर टायमिंग बेल्ट, मॅनिफोल्डची गॅस्केट आणि हेडचे ताणले जाणारे बोल्ट नवे घालावे लागतील, हे गृहीत धरले आहे. टॉर्क रेंच, सरळ पट्टी आणि फीलर गेज माझ्याकडे आहेत. मॅन्युअलमध्ये हेडच्या वाकाची कमाल मर्यादा 0.05 मिलिमीटर दिली आहे. हेड त्या मर्यादेत भरले, तरीही तुम्ही फेसिंग (हेडचा पृष्ठभाग यंत्रावर सपाट करणे) करून घेता का? फट बुजवणारे द्रव रेडिएटरमध्ये ओतण्याचा सल्ला कृपया देऊ नये. रेडिएटर आणि हीटरच्या अरुंद नळ्या मला गमवायच्या नाहीत.

ज्यांनी हे काम स्वतः केले आहे, त्यांनी विशेषतः चाचण्यांचा क्रम सुचवावा. तोपर्यंत गाडी चढावर नेणार नाही.