आई-वडिलांचं मुखत्यारपत्र आणि शेवटचे महिने: तुमचे अनुभव लिहा

अंथरुणाला खिळलेल्या आई-वडिलांच्या वतीने बँक, सोसायटी, तलाठ्याकडे खेटे घातलेल्या खान्देशकरांनो, लिहा. सल्ले नकोत, घडलं ते सांगा. सुरुवात मीच करते, पुढे ज्याने त्याने आपल्या गावाच्या नावाखाली लिहा.

भुसावळ. आमचे आप्पा रेल्वेतून निवृत्त. यकृताचा कॅन्सर, हात इतका थरथरायचा की सही जुळेना. मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी, त्यांच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार) रजिस्टर केलेलं, तरी शाखेत 'वर पाठवतो, मग बघू'. नोव्हेंबरात पेन्शनसाठीच्या हयातीच्या दाखल्याला तर ते कामालाच येत नाही, तिथे माणूसच दिसावा लागतो. मोबाइलवर चेहरा दाखवून करू म्हटलं, तर ॲप म्हणे डोळे मिचकावा, आणि आप्पा मॉर्फिनच्या गुंगीत. भाचीने कानाशी 'आप्पा, गाडी आली' म्हटलं, तेव्हा पापण्या हलल्या. झालं काम!

रावेर. बाबांच्या नावावर केळीचं पीककर्ज. सहीच्या अडचणीवर आमच्याकडे सोपा मार्ग निघाला: बँकेचा साहेब घरी आला, बाबांचा अंगठा घेतला, तो स्वतः एक साक्षीदार आणि शेजारचे गुरुजी दुसरे. केळीचे पैसे मी बाबांच्याच खात्यात घेत होतो. खर्चाची वही, पावत्या, सगळ्याचा फोटो दर रविवारी बहिणींना. तरी काका पारावर बोललेच, 'पोरगं बापाचं खातंय.' वही पुढे केली, चहा पाजला, विषय संपला.

अमळनेर. नाना पहाटे गेले. दुपारी चुलतभाऊ सांगतो, 'पॉवर तुझ्याकडे शे ना, पैसा काढी ले.' अहो, माणूस गेला की मुखत्यारपत्रही त्याच क्षणी संपतं. सुदैवाने एक खातं आईसोबत 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहील त्याने चालवायचं) होतं, दहाव्या-तेराव्याचा खर्च त्यातून निघाला. एफडीला नॉमिनी मोठा भाऊ. 'नॉमिनी म्हणजे मालक नाही, पैसा सगळ्या वारसांचा' हे त्याला पटवताना घरात जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

धुळे. माझा प्रश्नच आहे. आईने शुद्धीत असताना मुखत्यारपत्र दिलं. पक्षाघातानंतर ती कोमात आहे. वकील म्हणतात, देणाऱ्याची समज गेली की ते कायद्याने टिकत नाही, पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जा, म्हणजे आपल्याला संभाजीनगर खंडपीठ. दवाखाना सध्या भावाच्या पगारावर चाललाय, आईची एफडी तशीच पडून. खंडपीठात कुणी असा अर्ज केलाय का? वेळ किती लागतो, कागद कोणकोणते?