मदत हवी आहे: आजोबा हयात नाहीत, वडिलांचा सावत्र भाऊ असल्याचा एकाचा दावा डीएनएने तपासता येईल का?

नमस्कार मंडळी. विषय घरचा आणि नाजूक आहे, म्हणून गाव-आडनाव देत नाही. सातारा जिल्हा, एवढे पुरे.

आजोबा गेल्यावर वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे अर्ज दिला, तर शेजारच्या गावातल्या एका गृहस्थांनी हरकत घेतली. म्हणे, मीही त्यांचाच मुलगा. वय साठीच्या आसपास. कुजबुज आमच्या कानावर होती, खोटे कशाला बोलू. वडील म्हणतात खरे निघाले तर वाटा देऊ, काका म्हणतात कोर्टात भेटू. तपासणी व्हावी हे मात्र दोघांना आणि त्या गृहस्थांनाही मान्य आहे.

अडचण अशी की आजोबांचे दहन झाले, अस्थीही विसर्जित केल्या. नेहमीच्या पितृत्व चाचणीत वीसेक ठिकाणी डीएनएचा छोटा तुकडा लागोपाठ किती वेळा आला ते मोजतात. प्रत्येक ठिकाणी एक आकडा आईकडून येतो, एक बापाकडून. बापाचा नमुनाच नसेल तर जुळवायचे कशाशी?

एका प्रयोगशाळेत फोन केला. उत्तर आले, "वडिलांचे आणि त्यांचे वाय-एसटीआर करा, काम झाले." वाय-एसटीआर म्हणजे वरचीच मोजणी, पण फक्त वाय गुणसूत्रावर. हे गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते हे खरे. पण आजोबांचे धाकटे भाऊही त्या गावच्या गुऱ्हाळावर असायचे, आणि सख्ख्या भावांचे वाय एकच. जुळले तर गृहस्थ आमच्या भावकीतले एवढेच ठरेल. मुलगा कोणाचा, थोरल्याचा की धाकट्याचा? हे सांगणारी चाचणी आहे का? धाकटे आजोबाही आता नाहीत, त्यांचा मुलगा पुण्यात असतो.

प्रतिसाद

प्रश्न अगदी योग्य जागी पकडलात. वायवर थांबू नका. इतर गुणसूत्रांवरची लाखो ठिकाणे वाचणारी चाचणी किंवा सिक्वेन्सिंग (डीएनएचा अक्षरक्रम सलग वाचणे) करणारी प्रयोगशाळा शोधा. बाप एक आणि आया वेगळ्या अशा भावांत सरासरी २५ टक्के डीएनए सामाईक असतो, चुलत भावांत १२.५. वीस ठिकाणांच्या चाचणीत हा फरक धूसर राहतो, लाखोंत तो बहुधा स्पष्ट दिसतो. पुण्याच्या चुलत काकांचा नमुना नक्की घ्या. गृहस्थ एका बाजूशी पंचविसाच्या जवळ आणि दुसरीशी बाराच्या जवळ निघाले की उत्तर मिळाले. त्यांची आई तुमच्या भावकीतली किंवा सोयऱ्यांतली असेल तर आकडे फुगतात. त्या हयात असतील तर त्यांचाही नमुना हवा.

वाय करायचेच तर वडील आणि काका दोघांचेही करा. इंग्लंडमध्ये लेस्टरला २०१२ मध्ये सापडलेला सांगाडा तिथला राजा तिसरा रिचर्ड याचा, हे आईकडच्या वंशरेषेवरून जुळले. पण बापाच्या रेषेतल्या आजच्या पुरुषांशी वाय जुळले नाही. मधल्या कुठल्या तरी पिढीत कागदावरचा बाप वेगळा होता. राजघराण्यात होते ते आपल्याकडे होणार नाही असे नाही.

आजोबांची कधी शस्त्रक्रिया झाली होती का? बायोप्सीचा, म्हणजे तपासायला काढलेल्या तुकड्याचा, मेणातला ठोकळा रुग्णालयाने जपला असेल तर त्यातूनही डीएनए काढता येतो. तो टिकवायला वापरलेल्या फॉर्मलिनमुळे डीएनएचे तुकडे झालेले असतात, पण बऱ्याचदा काम भागते.

प्रतिसाद

मी वकील आहे. विज्ञान बाजूला ठेवा, आधी एक सांगा: त्या गृहस्थांच्या जन्माच्या वेळी त्यांच्या आईचे लग्न झालेले होते का? असेल तर कायदा नवऱ्यालाच बाप मानतो. पूर्वी पुरावा कायद्याचे कलम ११२ होते, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचे ११६. पती-पत्नीचा संपर्क शक्यच नव्हता हे सिद्ध झाले तरच ते गृहीतक मोडते. नागपूरच्या बाडवाईक प्रकरणात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डीएनए अहवाल गृहीतकापेक्षा वरचढ मानला, पण तिथे अहवाल आधीच हातात होता. जानेवारी २०२५ च्या केरळच्या प्रकरणात मात्र त्याच न्यायालयाने डीएनए चाचणी होऊ दिली नाही. आणि घरी गालाचा फाया फिरवून पाठवलेला नमुना कोर्टात टिकत नाही. साक्षीदारांसमोर घेतलेला, सीलबंद हवा.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. पुण्याच्या काकांशी आज बोलतो. आजोबांचे हर्नियाचे ऑपरेशन झाले होते, पण तुकडा तपासायला पाठवला होता का ते पाहावे लागेल. वकीलसाहेब, बाई विवाहित होत्या. नवरा मुंबईत गिरणीत, यात्रेला आणि दिवाळीला यायचा. एवढ्यावर संपर्क नव्हता असे म्हणता येईल?

प्रतिसाद

अवघड आहे. वर्षातून दोनदा घरी येत असेल तर संधी होतीच, आणि कायद्याला संधी पुरते. सगळे राजी असतील तर चाचणी खुशाल करा, पण वाटा द्यायचाच झाला तर तो आपसात लेखी ठरवून, नोंदणी करून द्या. दाव्यात हा अहवाल पुढे येईलच याची खात्री देता येणार नाही.