विषय: फ्लॅट विकून युरोपात घर घ्यावे काय?

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात ठाण्यातील एका हॉटेलात परदेशी घरांचे प्रदर्शन भरले होते, तेथून मी आणि माझे यजमान एक रंगीत पत्रक घेऊन आलो. स्पेन, पोर्तुगाल, ग्रीस आणि दुबई या चारही ठिकाणी घर घेतले की निवासाचा परवाना मिळतो, असे त्यात म्हटले आहे. आमची मुलगी नेदरलँड्समध्ये असते. वसंत विहारमधला दुसरा फ्लॅट विकून ग्रीसमध्ये घर घेतले, तर वर्षातले तीन-चार महिने तिच्याजवळ राहता येईल, असा आमचा हिशेब आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पाचपाखाडीहून एक सभासद

---

ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रकातील चारपैकी दोन दारे बंद झालेली आहेत. पोर्तुगालने घरखरेदीचा मार्ग ऑक्टोबर २०२३ मध्येच काढून टाकला आणि स्पेनने ३ एप्रिल २०२५ पासून गोल्डन व्हिसाच (गुंतवणुकीच्या बदल्यात मिळणारा निवासाचा परवाना) बंद केला. ग्रीसची योजना चालू आहे, पण अथेन्स, थेस्सालोनिकी आणि मोठ्या बेटांवर आता किमान ८ लाख युरोंचे, तर इतरत्र ४ लाख युरोंचे घर घ्यावे लागते, तेही एकच आणि किमान १२० चौरस मीटरचे. अडीच लाखांचा आकडा पत्रकात असेल, तर तो दुकान-कार्यालयाचे घरात रूपांतर केलेल्या किंवा संरक्षित जुन्या वास्तूंपुरता आहे. असे घर पर्यटकांना अल्पमुदतीच्या भाड्याने देता येत नाही, हे विक्रेते सहसा आपणहून सांगत नाहीत.

पण आपल्या बाबतीत खरी अडचण किमतीची नाही. ग्रीसचा परवाना हा ग्रीसमध्ये राहण्याचा परवाना आहे. त्यावर नेदरलँड्समध्ये कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, आणि एवढी मुभा तर साध्या शेंगेन व्हिसावरही (युरोपातील बहुतेक देशांत चालणारा अल्पमुदतीचा व्हिसा) मिळते. म्हणजे सलग चार महिने लेकीकडे राहणे कोट्यवधी रुपये खर्चूनही जमणार नाही, आणि तीन महिने राहण्यासाठी घर विकण्याचे कारण नाही. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी अशी सोय झाली आहे की, मागील तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन ते नियमानुसार वापरलेले असतील, तर पुढचा व्हिसा दोन वर्षांचा आणि त्यानंतरचा सामान्यतः पाच वर्षांचा, वारंवार प्रवेशाचा मिळू शकतो.

तरीही घर विकायचेच ठरले, तर करांचा हिशेब आधी मांडावा. निवासी घर विकून दुसरे घेतल्यावर भांडवली नफ्यावर मिळणारी सवलत केवळ भारतातील घरासाठी आहे, ग्रीसमधील घराला ती लागू होत नाही. रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या एलआरएस योजनेनुसार एका व्यक्तीला आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर बाहेर पाठवता येतात, म्हणजे आपण उभयतांनी मिळून ५ लाख. अथेन्समधले ८ लाख युरोंचे घर एका वर्षाच्या मर्यादेत बसतच नाही. घरखरेदीसाठी पाठवलेल्या १० लाख रुपयांवरील रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ वसूल केला जाणारा कर) कापते. ते विवरणपत्र भरल्यावर वळते होतात हे खरे, पण तोपर्यंत मोठी रक्कम अडकून पडते. शिवाय परदेशातील घराची नोंद दरवर्षी विवरणपत्रात करावी लागते आणि ती चुकवल्यास १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

दुबईत २० लाख दिरहमच्या घरावर १० वर्षांचा गोल्डन व्हिसा मिळतो, आणि सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिले तरी तो रद्द होत नाही. मी तेथे २१ वर्षे नोकरी केली असल्याने मला तो मनापासून आवडतो, परंतु मुलगी ॲमस्टरडॅमच्या बाजूला असताना आपण जुलैत दुबईच्या उन्हात का बसावे, हे मला कळत नाही.

नेरुळहून एक सभासद

---

दादा, सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे.

आम्हा दोघांचेही दोन शेंगेन व्हिसा गेल्या तीन वर्षांतलेच आहेत, हे पत्र वाचून लगेच कपाट उघडून पाहिले. यजमानांचा पासपोर्ट मात्र पुढच्या वर्षी संपतो आणि त्यावर लांब मुदतीचा व्हिसा मिळणार नाही, म्हणून आधी वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात नूतनीकरणाची वेळ घेत आहोत. फ्लॅटच्या दलालास थांबण्यास सांगितले आहे.