रायडिंग मोवर गवत वरखाली कापतोय, डेक खरंच बदलावा लागेल का?

लॉनवाला_काटोलरोड
मंडळी, काटोल रोडला आमचं लग्नाचं लॉन आहे. (बाहेरगावच्यांसाठी: नागपुरात ‘लॉन’ म्हटलं की आधी मांडव आठवतो, मग गवत.) जुना रायडिंग मोवर आहे, म्हणजे बसून चालवायचं गवत कापायचं मशीन. ४२ इंची डेक (मशीनखालचं, पाती झाकणारं पत्र्याचं कवच), दोन पाती. पावसाळा संपल्यापासून उजवीकडे गवत खरवडून निघतं, डावीकडे तसंच उभं राहतं. मिस्त्री म्हणतो डेकच बदला. तुळशीच्या लग्नाआधी निस्तरायचं आहे.

हिंगण्याचा_फिटर
डेकला हात लावू नका भाऊ. आधी चारही चाकांची हवा बघा. डेक गाडीला टांगलेला असतो. एक चाक बसलं की तोही त्या बाजूला कलतो. बऱ्याच मशीनला पुढे १४ आणि मागे १० पीएसआय लागते, तरी तुमच्या टायरवर काय लिहिलंय ते वाचा. पंक्चरवाल्याकडे नेलं तर समोर उभं राहा. तो सवयीने कारसारखी ३० भरून देतो, आणि त्याच्या मोठ्या मीटरवर दहा-बारा नीट दिसतही नाही. कमी दाबाचा मीटर घ्या.

माळीणबाई
डेक खालून कधी खरवडला होता? आपल्याकडची काळी माती आणि ओलं गवत मिळून आत असा थर बसतो की हवा खेळत नाही. मग गवत उभं राहतच नाही, पातं नुसतं दाबून पुढे जातं. दव वाळल्यावरच कापा.

लॉनवाला_काटोलरोड
उजवं मागचं चाक ६ वर होतं! हवा भरली, डेक खरवडला, पाटीभर चिखल निघाला. फरक पडला, पण उजवीकडे अजून लाटा दिसतात.

हिंगण्याचा_फिटर
लाटा की पायरी? दोन फेऱ्यांच्या मध्ये सरळ पायरी दिसत असेल तर डेक कललाय. लाटा असतील तर मला पात्यावरच संशय आहे. चावी काढा, स्पार्क प्लगची वायर सोडवा, जाड हातमोजे घाला. सपाट फरशीवर पात्याच्या एका टोकापासून जमिनीपर्यंत मोजा. मग पातं अर्धा फेरा फिरवून दुसरं टोक त्याच जागी आणा आणि पुन्हा मोजा. ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पातं वाकलंय. ठोकून सरळ करायच्या भानगडीत पडू नका, ते तुटून उडतं.

लॉनवाला_काटोलरोड
डावं ठीक. उजवं एका टोकाला ५१, दुसऱ्याला ६० मिमी. वाकलंच आहे! आणि कारणही सापडलं: मांडववाल्याची लोखंडी खुंटी. गवतात दोन बोटं वर राहिली होती, तिच्यावर ताजा घाव आहे.

माळीणबाई
अगं बाई! लग्न लागून वऱ्हाड परत गेलं तरी खुंटी तिथेच. थोडक्यात निभावलं म्हणायचं.

हिंगण्याचा_फिटर
पातं बदलताना स्पिंडल, म्हणजे पातं ज्यावर फिरतं तो दांडा, हाताने हलवून बघा. खटखट आली तर बेअरिंगही गेलंय. नवीन पात्याचे वळलेले पंख वर डेककडे हवेत. उलटं बसवलेलं पातं मी दोनदा पाहिलंय, एकदा माझ्याच हातचं. मग हवा पुन्हा तपासा आणि डेक मोजा. दोन्ही बाजूंत ३ मिमीपेक्षा जास्त फरक नको, आणि पुढचं टोक मागच्यापेक्षा ३ ते ६ मिमी खाली. आकडा तुमच्या पुस्तकात वेगळा असेल तर तोच धरा. कापताना ॲक्सिलरेटर पूर्ण, गाडी मात्र सावकाश.

लॉनवाला_काटोलरोड
दोन्ही पाती बदलली. बेअरिंग शाबूत. डावा टांगता रॉड जरा आवळावा लागला. आज सकाळी कापलं, एकसारखं निघालं. मिस्त्रीला डेकचं सांगितलं तर म्हणतो, ‘मी तेच म्हणत होतो.’ मांडववाल्याला मात्र सांगितलंय, खुंट्या मोजून ठोकायच्या आणि मोजून काढायच्या. काल ११२ ठोकल्या. काढल्या १११. आत्ता आम्ही तिघं लोहचुंबक घेऊन फिरतोय.