मदत हवी आहे: १९७२ची एमजीबी रोडस्टर, पेडल आणि सीट

मंडळी, माझी उंची सहा फूट दोन इंच आहे आणि इथे इंग्लंडमध्ये मी १९७२ची एमजीबी, म्हणजे उघड्या टपाची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, चालवतो. गाडीवर जीव आहे, पण तासाभराने उजवा गुडघा स्टिअरिंगला घासू लागतो आणि कंबर धरते.

सीटच्या रुळांखाली लाकडी पट्ट्या आहेत. त्या काढल्या तर सीट खाली जाईल, पण मग रूळ थेट पत्र्यावर बसून अडकतील का? फक्त मागची पट्टी काढून सीट मागे कलती केली तर मांडीला आधार मिळेल असं वाटतं. कुणी केलंय? गुडघ्याला जागा मिळावी म्हणून आताच्यापेक्षा लहान, चौदा इंची स्टिअरिंगही बघतोय, मात्र पार्किंगमध्ये ते जड जाणार.

खरी अडचण पेडलची. ब्रेक अ‍ॅक्सिलरेटरपेक्षा बराच वर आहे, त्यामुळे पाय दरवेळी उचलावा लागतो आणि घोटा दुखतो. ब्रेकचं पेडल कापून वेल्डिंग करायला माझी अजिबात तयारी नाही. तिथे जोड सुटला तर संपलंच. त्याऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर जाड प्लेट बोल्टने बसवली तर चालेल का? पूर्ण दाबल्यावर केबलला ताण येऊ नये म्हणून खाली स्टॉप लावावा लागेल का? उंच मालकांनी फोटोसकट सांगावं, फार मदत होईल.