माळ्यावर उंदीर झालेत, लेंड्या कोरड्या झाडूनं झाडल्या तर चालतं का?

गावभागातली_सून:
आमचं घर सांगलीत गावभागात, जुनं, मातीच्या भिंती आणि लाकडी माळा. पाऊस लागला की उंदीर आत येतात हे लग्न झाल्यापासून बघतेय पण यंदा कहर आहे. काल शाळूचं पोतं सरकवलं तर कोपरा कुरतडलेला, शाळू सांडलेला आणि त्यात लेंड्याच लेंड्या. सासूबाईंनी लगेच केरसुणी फिरवली, सगळा धुरळा नाकातोंडात, आणि सांडलेला शाळू पाखडून परत डब्यात भरला, म्हणाल्या आम्ही हेच खाऊन मोठे झालो. घरात दीड वर्षाची पोरगी आहे, दिसेल ते तोंडात घालते. खरंच आजार होतात का मीच उगाच घाबरतेय? उंदीर मारायच्या औषधाच्या वड्या ठेवू का?

उसातला_माणूस:
ताई उगाच नाही घाबरत तुम्ही. मी वाळवा तालुक्यातला, उसाला पाणी पाजताना अनवाणीच असतो, टाचेला भेगा होत्या. आठ-दहा दिवसांनी ताप आला आणि पोटऱ्या अशा ठणकायला लागल्या की उठबस होईना, डोळे लालभडक. पहिल्या डॉक्टरनं व्हायरल म्हणून गोळ्या दिल्या, चौथ्या दिवशी डोळे पिवळे, मग मिरजेला नेलं तर लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस निघाला. उंदराच्या मुतातनं पाण्यात येतो आणि जखमेतनं आत शिरतो म्हणाले. उंदीर मला चावला पण नव्हता, दिसला पण नव्हता!! आता गमबूट घातल्याशिवाय पाटात पाय घालत नाही.

आरोग्यकेंद्रातली:
नर्स आहे म्हणून लिहिते. लेप्टोचे जंतू ओल्या जागेत कित्येक दिवस जिवंत राहतात, वाळलं की मरतात, म्हणून पावसाळ्यात आणि पुरानंतर जास्त. 2019 सारखं पाणी घरात आलं असेल तर चिखल काढताना बूट-ग्लोव्ह्ज घालाच, आणि डॉक्सीसायक्लिन (लेप्टोवरचं अँटिबायोटिक) मनानं घेऊ नका, डॉक्टरांना विचारून.

धुरळ्याचं म्हणाल तर त्यातनं पसरणारा हंता व्हायरस आपल्याकडं फार क्वचित, पण तरी कोरडं झाडू नकाच. दारं-खिडक्या उघडून अर्धा तास थांबा, एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी शिंपडा, पाच-दहा मिनिटं भिजू दे, मग ग्लोव्ह्ज घालून कागदानं उचला. सांडलेला शाळू टाकून द्या हो, लेंड्यांतनं साल्मोनेला नावाचा जंतू पोटात जातो, जुलाब-उलट्या, आणि एवढ्या लहान पोरीला ते झेपत नाही.

वड्या मात्र अजिबात नको. काळी पावडर असते ना, झिंक फॉस्फाइड, पोटात गेली की विषारी गॅस होतो आणि त्यावर उतारा नाही. रंगीत वड्यांनी रक्त गोठत नाही, त्याला व्हिटॅमिन के चालतं पण वेळेत कळलं तर. पिंजराच लावा.

सातारी_पेढा:
आमची आजी सांगायची घरात उंदीर मरून पडला की अख्खं गाव रानात झोपड्या घालून राहायचं, प्लेगची एवढी धास्ती. तो प्लेग गेला पण उंदीर काय गेले नाहीत. पिंजरा ठीक आहे पण एक पकडला की दोन येतात, आधी भोकं बुजवा. घरातला बारका उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या भोकातनं पण येतो. नुसता सिमेंट लावला तर ओला असतानाच उकरतात, आत भांडी घासायची तारेची घासणी कोंबा आणि मग वरनं सिमेंट. मांजराच्या भरवशावर राहू नका, आमचं मांजर घुशीला बघून स्वतःच माळ्यावर जातं 😄

गावभागातली_सून:
सगळ्यांना थँक्यू. सापडलं, मोरीच्या पाइपाभोवती माझा अंगठा जाईल एवढं भोक आहे, आणि भिंतीला तेलकट काळा पट्टा, रोजची वाट दिसतेय त्यांची. घासण्या आणल्यात, गवंडी उद्या येतो म्हणालाय. शाळू टाकून दिला, तेव्हापासून सासूबाई बोलत नाहीयेत.